फुफीचा बांदा

पवनीजवळच्या एका गावातून एका बहिणीचं पत्र आलं आहे. सोबत मोबाईलवर काढलेला फोटो. अंगणातल्या जुन्या आंब्याची जाड फांदी आणि तिच्यावर लांब, चिवट, पट्ट्यांसारख्या पानांचे तीन झुबके. त्या लिहितात, "सासरे म्हणतात हे बांडगूळ आहे, आंबा वाळवून टाकील. पावसाच्या आधी माणूस लावून छाटून घ्यायचं ठरलं आहे. पण मागच्या वर्षी याला फुलं आली होती आणि वास इतका छान होता की मला ते तोडवत नाही. काय करू?"

उत्तर मी त्यांना त्याच दिवशी कळवलं. छाटू नका. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. विदर्भात ज्यांच्या धुऱ्यावर जुना आंबा किंवा मोह उभा आहे, त्यांतल्या कितीतरी घरांनी हे झाड पाहिलेलं असतं आणि बांडगूळ समजून काढूनही टाकलेलं असतं. म्हणून या महिन्याचं सदर त्याच्यासाठी. मागच्या वेळी कबूल केलेला पुदिना पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह.

हे झाड ऑर्किड आहे. ऑर्किड म्हटलं की आपल्याला शादीच्या स्टेजवर लावलेली जांभळी-पांढरी फुलं आठवतात, विमानानं आलेली, महाग, आणि आपल्या घरात न जगणारी. पण हे आपल्याकडचंच आहे. आपल्या मातीतलं म्हणणार होते, पण मातीशी त्याचा काही संबंध नाही. वांडा टेसेलाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. मराठीत रास्ना म्हणतात, आणि खेड्यापाड्यांत बांदा. ऑर्किडचा नि आपल्या घरांचा संबंध तसा जुना आहे. आइस्क्रीममधला वॅनिला एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो. हकीमसाहेब थंडीत ताकदीसाठी जी सालब मिस्री सांगतात, तीही ऑर्किडच्याच एका प्रकारचा वाळवलेला कंद. अरबीत या साऱ्या कुळाला सहलब म्हणतात. तेव्हा परकं मानायचं काही कारण नाही.

आधी ओळख पटवून घ्या, कारण सगळी गडबड तिथेच होते.

खरं बांडगूळ लाकडी फांद्यांचं झुडूप असतं. त्याची पानं रुंद आणि जाडसर, फुलं नळीसारखी, लालसर-केशरी. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची फळं खातो, चिकट बिया फांदीवर पुसून टाकतो आणि तिथेच बी रुजते. ते जिथे बसतं तिथे फांदीला गाठ आल्यासारखी फुगवटी दिसते, कारण त्यानं आपलं मूळ सालीच्या आत, थेट लाकडात घुसवलेलं असतं. आंब्याचं पाणी आणि क्षार ते तिथून ओढतं. सासरेबुवांची भीती बांडगुळाबाबत अगदी रास्त आहे. ते काढताना नुसतं वरून तोडून उपयोग नाही. जिथे चिकटलं आहे तिथून हातभर खाली फांदी कापावी लागते, नाहीतर आत राहिलेला भाग पुन्हा फुटतो.

बांदा पाहा. लाकडी फांदी नाही. एक जाड दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीत बसलेली पानं, कातड्यासारखी, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली. पानाचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं वेडंवाकडं तुटलेलं. आणि मुळं? करंगळीएवढी जाड, राखाडी-पांढरी, सालीवर सरपटणारी, काही हवेत लोंबकळणारी. सालीवरचं एक मूळ नखानं हळूच उचलून पाहा. ते खाली चिकटलेलं असतं, आत शिरलेलं नसतं. झाडाचा एक थेंबही ते घेत नाही. पावसाचं पाणी, दव, सालीवर साचलेली धूळ, कुजलेली पानं, पाखरांची शीट, एवढ्यावर त्याचं चालतं. आंब्याकडून त्याला हवी असते ती फक्त बसायला जागा.

मग याला बांदा का म्हणतात? मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. संस्कृतात वन्दा, वन्दाक हे शब्द दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या, त्याच्या रसावर जगणाऱ्या वनस्पतीसाठी आहेत. आपला बांदा त्यातूनच आला. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढणारे विल्यम जोन्स यांनी वनस्पतींवर टिपणं लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापली गेली आणि त्यांत या ऑर्किडचं नाव वन्दा असंच दिलं आहे. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात त्याचं चित्र नि वर्णन दिलं. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं याच झाडावरून 'वांडा' हे नाव पक्कं केलं आणि आता हिमालयापासून फिलिपिन्सपर्यंतची कितीतरी ऑर्किडं त्या नावानं ओळखली जातात. टेसेलाटा म्हणजे चौकटी-चौकटींचं, पाकळ्यांवरच्या जाळीदार नक्षीमुळे. म्हणजे ज्या झाडानं कधी कुणाचा रस प्यायला नाही, त्याच्या कपाळावर साऱ्या जगाच्या पुस्तकांत परोपजीवी असा शिक्का बसला, आणि तो आपल्याच शब्दाचा.

हा शब्द मी पहिल्यांदा झाडासाठी ऐकला नाही. माझी फुफी एकतिसाव्या वर्षी बेवा झाली आणि एक लोखंडी पेटी घेऊन आमच्या घरी आली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. अब्बांचा पगार लहान, आम्ही चार भावंडं. फुफीनं आठवड्याभरात कोपऱ्यातली अम्मीची शिलाई मशीन दुरुस्त करून घेतली आणि गल्लीतल्या मुलींचे शाळेचे ड्रेस शिवायला सुरुवात केली. पुढे बुरखे, मग रजयांचे गिलाफ. मी दहाएक वर्षांची असताना एका शादीत, दस्तरखानावर, नात्यातल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "भाई के घर पे बांदा बन के बैठी है." आवाज हळू होता, पण फुफी समोरच वाढत होती. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक पुरी घातली आणि पुढे गेली. मी घरी येऊन अम्मीला विचारलं, बांदा म्हणजे काय? अम्मीनं उत्तर दिलं नाही. मराठी शाळेत मग मला बांडगूळ हा शब्द भेटला आणि अर्थ कळला. माझ्या बीएडची पहिली फी त्या मशीनच्या पैशांतून भरली गेली, हे मला फार नंतर समजलं.

खरा बांदा आमच्या घरी आला तो काही वर्षांपूर्वी. उमरेडकडे आमच्या दादांच्या गावाला रस्ता रुंद करताना कडेचे जुने आंबे तोडले गेले. चुलतभावानं जळणासाठी काही फांद्या आणल्या, त्यांतली एक टेम्पोतून आमच्याकडे आली. त्या फांदीवर दोन रोपं होती. फुफी ती पाहून खाली बसली. म्हणाली, "हे तर आमच्या आमराईतलं. लहानपणी आम्ही याची फुलं वेणीत घालायचो."

एक रोप मी घेतलं. मी शिकलेली, सदर लिहिणारी! चांगली कुंडी आणली, काळी माती, शेणखत, थोडी वाळू, आणि रोज पाणी. जुलै संपेपर्यंत मुळं काळी पडून बोटांत विरघळू लागली आणि पानं बुडातून गळाली. दुसरं रोप फुफीनं अंगणातल्या कडुलिंबाला जुन्या ओढणीच्या पट्टीनं बांधलं. ना माती, ना खत. ते आजही तिथेच आहे आणि ओढणीचा धागाही आता उरलेला नाही. मुळांनीच खोड धरलं आहे.

माझं का मेलं? मुळाच्या बाहेर पांढऱ्या, स्पंजासारख्या पेशींचं अस्तर असतं. पाऊस पडला की ते पाणी चटकन शोषून घेतं, आणि मग त्याला वारा लागून वाळायचं असतं. मातीत पुरलं तर ते वाळतच नाही. मूळ गुदमरतं नि कुजतं. ऑर्किड लावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला अपराध हाच असतो, प्रेमानं पुरणं.

राहिला प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ज्या उन्हात माणसं दुपारी दार उघडत नाहीत, त्यात मातीचा आधार नसलेलं हे झाड जगतं कसं? हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. सगळ्या झाडांच्या पानांना सूक्ष्म छिद्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन जातं. बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात. हे झाड दिवसभर बंद ठेवतं आणि रात्री, हवा निवाल्यावर, उघडतं. रात्री घेतलेला वायू ते आम्लाच्या रूपात पानात साठवतं आणि दिवसा दारं लावून, सूर्यप्रकाशात, त्यातून आपलं अन्न करतं.

आपल्या घरोघरच्या पानफुटीतही हेच चालतं. बेंजामिन हाइन नावाच्या, हिंदुस्थानात काम केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला २०० वर्षांपूर्वी पानफुटी चाखताना लक्षात आलं की पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव. त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहून ते कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. आमच्या सरांनी नववीच्या वर्गात पानफुटीचं एक पान सकाळच्या प्रार्थनेआधी आणि एक दुपारी वाटलं आणि पीएच मोजायची पट्टी बुडवून दाखवली. रंगातला फरक मुलांना दिसला. चाखायला मात्र दिलं नाही, तुम्हीही देऊ नका. पानफुटी पोटात जाणं चांगलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, यानी ये पौधा रोज़े से है?" वर्ग हसला. सर म्हणाले, "साल के बारह महीने."

घरी येऊन मी फुफीला हे सांगितलं. तिला फार नवल वाटलं नाही. २०१८ आणि २०१९ चे रमजान मे महिन्याच्या उन्हात आले होते तेव्हा ती त्याला सहरीला उठल्यावर एकदा आणि इफ्तारच्या आधी एकदा पाणी शिंपडायची. मी म्हणायचे, फुफी, झोपा आता, झाड कुठे जातंय? पण वेळ तिनं बरोबर निवडली होती. रात्री छिद्रं उघडी असताना मुळं ओली असली की झाडाला हवं तेच मिळतं. भर दुपारी तापलेल्या पानांवर पाणी मारणं मात्र टाळा. पानाच्या बेचक्यात साचलेलं पाणी उन्हात तापतं नि कोंब जातो.

आता लावायचं कसं ते सांगते.

रोप कुठून आणायचं, हे आधी. जंगलातून नाही. उमरेड, रामटेक, नागझिरा, नवेगावकडे फिरायला गेलात आणि झाडावर बांदा दिसला तर बघा, फोटो काढा, आणि तिथेच राहू द्या. यामागे कायदा तर आहेच. साऱ्या ऑर्किड कुळाचा जगभरातला व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानं बांधलेला आहे, आणि ईशान्येकडच्या निळ्या वांडाला आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं खास संरक्षण दिलं. त्या निळ्या वांडाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८५० मध्ये जोसेफ हूकर या शास्त्रज्ञानं खासी टेकड्यांतून लंडनच्या क्यू बागेसाठी सात माणसांच्या ओझ्याएवढी झाडं गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती थोडीच. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यानंतर शौकिनांनी आणि व्यापाऱ्यांनी काय केलं असेल याचा अंदाज करा.

कायद्याहून मोठं कारण मला वाटतं ते बियांचं. बांद्याच्या एका शेंगेत धुळीसारख्या बारीक, अगणित बिया असतात. त्यांच्यात बाळझाडासाठी शिदोरी नसते. गव्हाच्या दाण्यात जसं पीठ असतं, तसं काहीच नाही. वाऱ्यानं उडून योग्य सालीवर पडलेल्या बीला विशिष्ट बुरशी भेटली, तिनं तिला भरवलं, तरच ती रुजते. हे १८९९ मध्ये नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच संशोधकाला कळलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर नि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीशिवाय, काचेच्या नळीत बिया रुजवून दाखवल्या आणि तिथून प्रयोगशाळेत ऑर्किड करण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या घरात मात्र बी पेरून हे झाड होणार नाही. फांदीवर दिसणारा प्रत्येक बांदा म्हणजे लाखातून एखाद्या बीचं नशीब, आणि फुलावर यायला त्याला कित्येक वर्षं लागलेली. जंगलातून उपटलेल्या एकाची जागा भरायला तेवढीच वर्षं लागतात. तोडलेल्या आंब्याबरोबर किती जातात, ते कोण मोजतं?

म्हणून रोप घ्यायचं ते आपल्या मालकीच्या, पडलेल्या किंवा परवानगीनं तोडलेल्या झाडावरचं, नाहीतर नर्सरीतलं. नर्सरीत टोपलीत टांगलेले मोठ्या, भडक फुलांचे वांडा मिळतात. ते संकर आहेत, त्यांना दमट हवा लागते आणि नागपूरच्या मे महिन्यात ते रुसतात. नवशिक्यांनी दुकानदाराला देशी वांडाच मागावा.

बांधायला खडबडीत सालीचं खोड बघा. आंबा उत्तम, कडुलिंब चालतो. पेरू किंवा निलगिरी नको, त्यांची साल सुटून पडते आणि झाड तिच्यासकट खाली येतं. अंगणात झाड नसेल, फ्लॅटची गॅलरी असेल, तर आंब्याच्या किंवा बाभळीच्या लाकडाचा हातभर ओंडका आडवा किंवा उभा टांगा. कुंडीच हवी असेल तर भोकं असलेली मातीची घ्या आणि आत फक्त कोळशाचे नि विटांचे मोठे तुकडे टाका. बांधायला सुती कापडाची पट्टी घ्यावी, तांब्याची तार नको. तांबं ऑर्किडला बाधतं. सुती पट्टी मुळं धरेपर्यंत टिकते, मग आपोआप कुजून जाते. रोप किंचित तिरकं बांधा, म्हणजे बेचक्यात पाणी साचणार नाही. बांधायची वेळ मृगाच्या पहिल्या पावसाची. तेव्हा मुळांना हिरवी टोकं फुटलेली असतात आणि ती लवकर चिकटतात. पट्टी घट्ट ओढा. रोप हलत राहिलं तर नवं टोक सालीवर घासून मरतं.

ऊन सकाळचं हवं, नऊ-दहापर्यंतचं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत त्यावर हिरवी जाळी. पानांचा रंग बघत राहा. पोपटी हिरवी असतील तर ठीक. गडद हिरवी, लुसलुशीत झाली तर ऊन कमी पडतंय, फुलं येणार नाहीत. तपकिरी कोरडा डाग पडला तर पान भाजलंय.

पाण्याचं तर मुळंच सांगतात. कोरडं मूळ चांदीसारखं पांढरं दिसतं, पाणी पडलं की पाहता पाहता हिरवं होतं. सगळं मूळ हिरवं झालं की पुरे. पुन्हा पांढरं झाल्याशिवाय परत नाही. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, पावसाळ्यात पावसाचंच, उघाड पडली तर अधूनमधून, आणि थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा, तेही सकाळी. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या रात्री गार असतात, तेव्हा ओलं झोपवू नये.

पाणी कोणतं, यावर माझा आग्रह आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर बसतो तोच मुळांवर बसतो. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी पुष्कळ बहिणी झाडांना घालतात. इतर झाडांना थोडंफार चालेल, याला नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतलं पाणीही नको, त्याच कारणानं. पावसाळ्यात पत्र्याखाली ड्रम लावून भरून ठेवा, झाकण घट्ट बसवा, नाहीतर डास.

कूलरचं पाणी नको म्हटलं, पण कूलर याच्या फार कामाचा आहे. आपल्याकडे खिडकीत कूलर लावतो आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवतो, नाहीतर खोलीत चिकचिक होते. त्या दुसऱ्या खिडकीतून थंड, ओली हवा बाहेर पडून वाया जाते. ओंडका तिथे टांगा. मे महिन्यात माझ्या गॅलरीतल्या रोपाची मुळं त्या एका जागेमुळे हिरवी राहिली. (हो, पहिलं मेल्यावर फुफीनं तिच्या झाडाचं एक पिल्लू मला दिलं. पिल्लाला स्वतःची तीन तरी मुळं आल्यावरच वेगळं करायचं, असं बजावून.)

खताचं थोडक्यात. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि आधी मुळं साध्या पाण्यानं भिजवून. जून ते ऑक्टोबर एवढंच, थंडीत बंद. जास्त खतानं मुळांची टोकं जळतात. पावसात गोगलगाई कोवळी टोकं खातात, रात्री टॉर्च घेऊन वेचा. पानांवर तपकिरी खवल्यांसारखी कीड दिसली तर साबणाच्या पातळ पाण्यात फडका बुडवून पुसा.

आणि फुलं. जागा बदललेलं झाड एक-दोन वर्षं फुलत नाही, धीर धरा. मग उन्हाळ्याच्या शेवटी, ढग जमू लागले की पानाच्या बेचक्यातून एक दांडी निघते. तिच्यावर पाच ते दहा फुलं, दीड-दोन इंचांची. पाकळ्या पिवळसर-हिरव्या, त्यावर तपकिरी जाळी, आणि मधली ओठासारखी पाकळी जांभळट-निळी. दोन-तीन आठवडे टिकतात. वास गोड, पण मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही. बागा करणाऱ्या कंपन्या मोठ्या फुलांच्या वांडांशी याचा संकर करतात तो बराचसा या वासासाठी आणि अशा चिवट स्वभावासाठी.

फुफी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. स्टुलावर चढणं डॉक्टरांनी बंद केलं आहे, म्हणून पाणी मी घालते आणि ती खाटेवरून सांगते, "डावीकडचं मूळ अजून पांढरं आहे." पवनीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. फोटो तिनं डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "त्या आंब्याला मोहर येतो का?" मी म्हटलं, पत्रात तसं काही नाही, विचारते. विचारलं. येतो, यंदा कैऱ्याही उतरल्या, असं उत्तर आलं. फुफी म्हणाली, "मग भांडण कसलं?"

त्या बहिणीच्या सासऱ्यांनी स्वतः शिडी लावून मूळ उचलून पाहिलं, असं नंतर कळलं. त्याच आंब्याच्या मागच्या बाजूला, शेंड्याकडे, खरं बांडगूळही निघालं, फुगलेल्या गाठीसकट. माणूस आलाच होता, त्याच्याकडून ते हातभर खालून कापून घेतलं. बांद्याचे तिन्ही झुबके तसेच आहेत आणि एकावर दांडी दिसू लागली आहे. फुलं आली की फोटो पाठवतील. आला की इथेच छापू.